एका टोल्याचा दांडका

मी दांडका बोलतोय म्हटलं की माणसं दोन पावलं मागे सरतात. सरू नका. माणसावर मला कधी कुणी उगारलेला नाही. दीड वीत लांबीचा, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला मुठीत बसेल असा मी सागवानी दांडका आहे. माझं काम मासे मारायचं होतं. एका टोल्यात. दुसरा टोला मारावा लागला तर काम बिघडलं असं समजायचं.

मला ज्याने घडवलं तो खुर्च्या-टेबलं करणारा सुतार. पोटाला चिमटा घेऊन त्याने एक जुनी शिडाची बोट घेतली होती. यॉट म्हणतात तसली. पण यॉट म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, तसं तिच्यात काहीच नव्हतं. तळाला शिंपले चिकटलेले, डेकच्या फळ्या कुजलेल्या, आतल्या खोलीत उभं राहिलं की डोकं आपटायचं. सुतार कारखान्यातून सुटला की थेट तिच्याकडे जायचा. शिंपले खरवडायचा, फळ्या बदलायचा, सांधी भरायचा. घरी जेवायला बसला की केसांतला भुसा ताटात पडायचा.

त्याची बायको बोटीला बोट म्हणायचीच नाही. सवत म्हणायची. शेजारणीने विचारलं, "कुठं गेले हो तुमचे हे?" की हिचं उत्तर तयार. "सवतीकडे. तिचं अंग रगडायला."

पण बोट पाण्यात उतरली तेव्हा सगळ्यांत आधी चढली तीच. शीड वाऱ्याने भरलं, तशी ती लहान पोरीसारखी हसली. मग गळ टाकून बसायची तिला गोडीच लागली.

पहिला मासा लागला तेव्हा मी दांडका नव्हतो. डेकच्या फळीचा उरलेला तुकडा म्हणून कोपऱ्यात पडून होतो. मासा डेकवर आपटत होता, रक्त सांडत होतं, आणि सुतार फडकं घेऊन धावला. माशाकडे नव्हे, फळ्यांकडे. आदल्याच दिवशी त्याने त्यांना तेल पाजलं होतं.

"अहो, पुसताय काय! त्याचा जीव जातोय."

"अगं, डाग पडला की निघत नाही सागवानातून."

"आणि हा असाच तडफडणार?"

"जाईल की आपोआप."

तो आपोआप गेला, पण फार वेळाने गेला. ती तोवर त्याच्याजवळ उकिडवी बसून राहिली. संध्याकाळी तिने तो मासा रांधला, नवऱ्याला वाढला, स्वतः खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सुताराने मला उचललं, तासलं, घासलं आणि तिच्या हातात ठेवलं. त्याची रीतच तशी. काही चुकलं की तो तोंडाने सांगायचा नाही, काहीतरी घडवून हातात ठेवायचा. तिलाही ती भाषा कळायची.

मारायचं कसं, हे तिला धक्क्यावर मासे विकणाऱ्या म्हातारीने शिकवलं. ओल्या फडक्यात मासा घट्ट धरायचा. डोळ्यांच्या जरा मागे, डोक्यावर, एकच टोला. मग कल्ल्यांपाशी सुरी, म्हणजे रक्त निघून जातं. "भीत भीत मारशील तर चारदा मारावं लागेल, पोरी," म्हातारी म्हणाली. "आणि डोळा बघ. जिवंत मासा तिरका केलास तर त्याचा डोळा खोबणीत फिरतो, सरळ राहायला बघतो. फिरला नाही की समज, सुटला."

तेव्हापासून ती प्रत्येक वेळी डोळा बघायची. टोला मारायची, मासा हलकेच तिरका करायची आणि म्हणायची, "सुटला." मगच गळ काढायची. जेवणापुरते मासे मिळाले की दोरी गुंडाळून ठेवायची. सुतार मात्र टोल्याच्या वेळी दुसरीकडे बघायचा. डोलकाठीकडे, दोरांकडे, नाहीतर बादली घेऊन तयार, रक्त धुवायला.

तिचा हात फार खात्रीचा होता. हे मी सांगायला हवं, कारण पुढे तिलाच ते खरं वाटेनासं झालं.

वर्षातून एकदा बोट दुरुस्तीच्या आवारात वर काढायची. तळाला नवा रंग, पितळेला चमक, लाकडाला व्हार्निश. अशी बरीच वर्षं गेल्यावर एकदा ती डबा घेऊन आली आणि सुताराला चिडवायला म्हणाली, "सवतीचं सगळं चकाचक. माझा दांडका तेवढा भिकाऱ्यासारखा."

ती थट्टा होती. सुताराने ती मनावर घेतली. त्याने मला काचपेपरने घासलं आणि व्हार्निशचे तीन हात दिले, मुठीलासुद्धा. वाळल्यावर फडक्यात गुंडाळून तिला दिलं. तिने मला उलटसुलट करून बघितलं. "अगंबाई! यात बघून केस विंचरता येतील." सुतार खूश झाला. दिवसभर शीळ घालत होता.

मग ती सकाळ आली. मासा मोठा होता, रुपेरी, जोरकस. तिने त्याला ओल्या फडक्यात धरलं आणि मला उचललं. तिचा हात ओला, मी गुळगुळीत. टोला खाली येतानाच मी मुठीत फिरलो आणि डोक्याऐवजी डोळ्यावर बसलो.

मासा असा उसळला की तिच्या हातून सुटून कठड्याखालून पाण्यात गेला. गळाची दोरीही तुटली. पाण्यावर तो एका कुशीवर गोल गोल फिरत राहिला. मग खाली गेला.

"अहो, वळवा. वळवा बोट!"

त्याने वळवली. पुन्हा वळवली. ती कठड्यावर वाकून बघत होती. पाण्यात काही दिसलं नाही.

"अर्धा मारला हो मी त्याला," ती म्हणाली. "घसरला दांडका. हातच गेला माझा."

सुताराने मला उचललं. त्याची बोटं माझ्या मुठीवरून फिरली आणि थांबली. त्याला कळलं होतं. लाकडात जन्म गेलेला माणूस, त्याला नाही कळणार? मी वाट बघत होतो. एकच वाक्य हवं होतं, की हात नाही गं, व्हार्निश. पण तो म्हणाला, "होतं असं. वय झालं आता आपलं." आणि फडकं ओलं करून डेक पुसायला लागला.

त्या दिवसानंतर ती बोटीवर आली नाही. बोलवलं की म्हणायची, "गुडघे दुखतात." घरातही ती स्वतःच्या हाताला भ्यायला लागली, हे मला सुताराच्या तोंडूनच कळायचं. तो एकटा काम करताना पुटपुटायचा. "सुईत दोरा ओवत नाही आता. सुरी हातात घेत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते."

तो काही ना काही घडवत राहिला. तिच्यासाठी बसायला नवा बाक केला. चढायला रुंद पायऱ्या केल्या. पितळ इतकं घासलं की त्यावर नजर ठरत नसे. बोट इतकी देखणी कधीच नव्हती आणि इतकी रिकामीही कधी नव्हती. मी खोलीतल्या खिळ्याला लटकून चमकत होतो.

शेवटी दोन-तीन वर्षांनी तो एकटाच समुद्रात गेला. सवयीने दोरी मागे सोडली आणि मासा लागला. मला खिळ्यावरून काढलं. त्याने कधी मारलेला नव्हता, आणि मारतानाही त्याला बघवेना. मी पाठीवर पडलो, शेपटीवर पडलो, कल्ल्यावर पडलो. त्याच्या हातात दोनदा फिरलो. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. सुतार ओरडत होता, "जा ना रे! जा ना आता!" डेकभर रक्त झालं. त्या दिवशी त्याने ते पुसलं नाही.

तो मला तसाच कमरेला खोचून घरी गेला. ती दारातच होती. तिने त्याचा सदरा बघितला.

"मासा?"

"हं."

"किती टोले?"

त्याने वाकून चपला काढल्या.

"सांगा ना. किती?"

"मोजले नाहीत गं." मग तो उंबऱ्यावरच बसला आणि मला तिच्यापुढे धरलं. "हात नाही गेला तुझा. हा घसरतो. मी व्हार्निश लावलं म्हणून घसरतो. तेव्हाच कळलं होतं मला."

तिने मला हातात घेतलं. दाराशी ठेवलेल्या तांब्यात बोटं बुडवून माझी मूठ दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"वाटलं, विसरशील."

"मी? मी विसरेन?" ती मोठ्याने बोलली नाही. "अहो, मी माझ्या नातवाला उचलून घेतलं नाही. हातून पडेल म्हणून. तो चालायला लागला, धावायला लागला. मी नाही उचललं त्याला."

सुताराने मला परत घेतलं. माझं सगळं व्हार्निश काचपेपरने उतरवलं, मूठ खरखरीत केली आणि मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं. तिने मला खणात टाकलं आणि खण लावला.

बोट आता आवारात टेकूंवर उभी आहे म्हणे. सुतार तिकडे जात नाही. खिडकीशी बसून असतो. दोघं एकमेकांशी बोलतात, अगदी नीट बोलतात. औषध घेतलं का. पाणी तापलंय. दिवा बंद करा.

माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला सजवू नका. आणि माशाला मारणार असाल तर त्याच्याकडे बघून मारा, त्याला वाट बघायला लावू नका. बाकी माणसांचं मला फारसं कळत नाही.

कधी कधी काही शोधताना तिचा हात खणात येतो आणि माझ्यावर पडतो. ती मूठ धरते. पकड घट्ट असते, जराही थरथरत नाही. ते तिलाही कळतं. क्षणभर ती तशीच उभी राहते. मग मला सोडून देते आणि जे हवं होतं ते न घेताच खण लावते.