पत्राचा उजवा कोपरा

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बाईंच्या पर्समध्ये लाल पेन असायचंच. दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा.

नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायका मुलांसह जिथे राहत, त्या निवाऱ्यात बाई आठवड्यातून तीन दुपारी शिकवायला जात. निवारा चालवणाऱ्या ताईंनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला होता: इथला पत्ता बाहेर जाता कामा नये.

"अहो, मी चाळीस वर्षं मुलांना नियमच शिकवलेत," बाई मान ताठ करून म्हणाल्या होत्या.

त्या बुधवारी पत्रलेखन होतं, बाईंचा हातखंडा विषय.

"उजव्या कोपऱ्यात काय लिहायचं?"

"पत्ता!" मुलं ओरडली. "पण बाई, आपला पत्ता काय?"

कुणालाच माहीत नव्हता. तो का माहीत नसावा, याचा विचार बाईंनी करायला हवा होता. त्यांनी फळ्यावर टपोऱ्या अक्षरात अख्खा पत्ता लिहिला. वर दोन बोटं अंतर सोडायला सांगितलं.

एका जागी न टिकणारी आठ वर्षांची भिंगरी त्या दिवशी मान खाली घालून लिहीत होती. 'आजी, मी आणि आई बऱ्या आहोत. माझा दात पडला. तुझ्या मांजरीला सांग.' कोपऱ्यात पत्ता होता, पण पिनकोडचा एक आकडा चुकला होता. बाईंनी तो लाल पेनाने दुरुस्त केला, दहापैकी दहा दिले. पाकिटावर आजीचा पत्ता भिंगरीने पाठ म्हणत स्वतःच लिहिला. आजी काय बाहेरची असते होय, असं म्हणत बाई मधल्या सुट्टीत पाकीट कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आल्या. परतल्यावर कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या भिंगरीच्या आईला त्यांनी कौतुकाने सांगितलंही.

घडी हातातच राहिली. "कुठल्या आजीला? तिला एकच आजी आहे, बाई. आणि ती त्याच्याच घरात राहते."

बाईंना बसायला खुर्ची हवी होती, पण तेवढा हक्क उरलाय असं त्यांना वाटेना.

"आत्ता कुठे पोर झोपायला लागलीय," भिंगरीची आई हळू आवाजात म्हणाली. "आता परत कुठे जायचं आम्ही?"

बाई धावल्या. गुडघ्याच्या डॉक्टरांनी पाहिलं असतं तर फी परत केली असती. पोस्टमन चारला पेटी उघडायला आला, तेव्हा त्या पेटीला टेकून धापा टाकत होत्या.

"टाकलेलं पत्र असं देता येत नाही, आजी. ज्याने लिहिलं त्याने ऑफिसात यायचं, समोर लिहून दाखवायचं. अक्षर जुळलं तर मिळेल. नियम आहे."

नियम हा शब्द इतका कडू लागतो, हे बाईंना चाळीस वर्षांत प्रथमच कळलं.

"पाच वाजेपर्यंत बाजूला ठेवतो," तो म्हणाला.

दोन महिने उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकलेली भिंगरीची आई त्या दिवशी लेकीचं बोट धरून रस्त्यावर आली. पोस्टाच्या खिडकीपाशी स्टुलावर उभं राहून भिंगरीने जीभ बाहेर काढून आजीचं नाव लिहिलं. कारकुनाने दोन्ही अक्षरं ताडून पाहिली आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

परतताना भिंगरीची आई म्हणाली, "बाई, तुम्हाला दहापैकी किती देऊ?"

"शून्यच द्या."

"दोन देते. पळालात त्याचे."

ताईंनी झापावं म्हणून बाई तयारीने उभ्या होत्या. ताईंनी फक्त फळ्यावरचा पत्ता पुसला, दोनदा. बाईंना झापलेलं परवडलं असतं.

"मग आजीला माझा दात कळणार कसा?" भिंगरीने विचारलं.

ताईंनी तिच्या आईकडे पाहिलं. आईने मान हलवल्यावर त्या म्हणाल्या, "आपलं एक ऑफिस लांब दुसऱ्या शहरात आहे. पत्र तिथे पाठवू, तिथून ते आजीकडे जाईल. पण पत्ता लिहायचा नाही हं."

भिंगरीने पत्र पुन्हा लिहिलं. उजवा कोपरा कोरा. असल्या कोऱ्या कोपऱ्याचे बाईंनी जन्मभर दोन गुण कापले होते. त्यांनी दहापैकी दहा दिले आणि लाल पेनच भिंगरीच्या हातात ठेवलं.

तिने त्या कोपऱ्यात मांजर काढली. शेपूट भलत्याच ठिकाणी आली होती. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.