फुकटचं कार्यालय

यापुढे संस्थांचं, राज्यांचं, किंबहुना अखिल मानवजातीचं भवितव्य सर्व्हर-रूममध्येच ठरणार आहे. निपाणीतल्या आमच्या पतसंस्थेची सर्व्हर-रूम तंबाखूच्या जुन्या वखारीत असल्यामुळे भवितव्य ठरवायला आत गेलेला माणूस आधी शिंकतो.

त्या खोलीत पूर्णिमा बसायची. मूळची सदलग्याची. पुण्यात बऱ्यापैकी नोकरी होती. आईला अर्धांग झालं तशी परत आली आणि संस्थेचं ठेवी-कर्जाचं अख्खं सॉफ्टवेअर तिनं जावा या संगणकभाषेत लिहून काढलं. आता सीमेच्या दोन्ही अंगांना शाखा वाढल्या होत्या आणि ते सॉफ्टवेअर चालवायला दमदार अॅप्लिकेशन सर्व्हर निवडायचा होता. पूर्णिमानं ओपन सोर्स सुचवला. परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि देखभाल ती स्वतः करणार. बाहेरच्या कंपनीचा घेतला तर देखभाल कंपनीकडं, संगणक विभाग बंद, आणि पूर्णिमाला आईला सोडून बेंगळुरूची वाट. हे सगळ्या संचालकांना ठाऊक होतं. म्हणूनच सभेत तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

अध्यक्ष मारुतीराव म्हणाले, "पूर्णिमा, आदी ह्यो सर्व्हर म्हंजे काय, ते आमास्नी कळंल असं सांग."

"अण्णा, आपलं सॉफ्टवेअर म्हणजे लग्न समजा. नवरा-नवरी आपली, वऱ्हाड आपलं. पण मांडव, लाईट, पाणी, पंगती हे सगळं मंगल कार्यालय बघतं. अॅप्लिकेशन सर्व्हर म्हणजे ते कार्यालय."

उदाहरण उत्तम होतं. घात तिथंच झाला. आमच्या भागात लग्न कुणाचं होतं हे लोक विसरतात. कार्यालय कुठलं होतं हे नातवंडांना सांगतात.

"मग तुझ्या कार्यालयाचं भाडं काय?" संचालक हरिभाऊंनी विचारलं.

"काहीच नाही. फुकट आहे."

"फुकटच्या कार्यालयात लगीन? पावणे तोंडात शेण घालतील की गं!"

"आणि मालक कोण त्याचा?" चिकोडीकडचे संचालक बसगौडा म्हणाले.

"मालक असा कुणी नाही. जगभरचे लोक मिळून ते..."

"म्हंजे गावकीचं समाजमंदिर. ज्याला दुसरं मिळत न्हाय त्यो जातोय तिथं," हरिभाऊंनी निकाल दिला.

पूर्णिमानं चाचणीचे आलेख पडद्यावर लावले. "ऊसबिलाच्या दिवशी काउंटरवर जशी झुंबड उडते, तशी खोटी झुंबड मी आपल्या आणि कोल्हापूरच्या नि हुबळीच्या कंपन्यांच्या, अशा तिन्ही सर्व्हरवर सोडून बघितली. आपलाच टिकला. बाकीचे दोन्ही धापा टाकत होते."

"टिकला म्हंजे जेवण पुरलं, येवढंच न्हवं?" हरिभाऊ म्हणाले. "पावणा जेवायला येत न्हाय. बडेजाव बघाय येतोय. कोल्हापूरचाच घ्या."

"आमच्या शाखांतले सभासद काय म्हणतील री?" बसगौडा उसळले. "हुबळीचा घ्या."

"हुबळीचा घेतला तर आमचं नाक कुठं ऱ्हातंय?" हरिभाऊंनी विचारलं.

मग चहा संपेपर्यंत नाकाचीच चर्चा झाली. कुठल्या सर्व्हरला किती मेमरी लागते, हे कुणी विचारलं नाही. उभी हयात सीमेवर काढलेल्या मारुतीरावांनी शेवटी हात वर केला.

"हैदराबादचा एकजण आलता की टाय घालून. त्याचा घिऊया. त्यो तुमचाबी न्हाय, ह्यांचाबी न्हाय."

"अण्णा, त्याची चाचणीच झालेली नाही!"

"बाळ, त्याच्यावर भांडणबी झालेलं न्हाय."

"माझाही कुणाचा नाही की अण्णा."

"तुझा फुकट हाय. ह्यो भाडं घिऊन कुणाचा न्हाय. फरक हाय त्यात."

ठराव एकमतानं मंजूर झाला. संस्थेच्या इतिहासात असं प्रथमच घडल्यामुळे हरिभाऊ-बसगौडा दोघांनाही गहिवरून आलं.

उद्घाटनाच्या दिवशी पूर्णिमानं टेबलाचा खण रिकामा केला. आईला वडगावच्या मावशीकडं ठेवायचं ठरलं होतं. मावशीच्या घरात यंत्रमाग आहेत. त्या खडखडाटात आईला डोळा लागत नाही. पण वाचा गेलेली असल्यानं तक्रार येण्याची भीती नव्हती.

सर्व्हरला झेंडूचा हार, हळदकुंकू. टायवाला शिंकत होता. मारुतीरावांनी भाषणात पूर्णिमाला संस्थेची लेक म्हटलं. लेक सासरी जायचीच, असंही म्हटलं. बसगौडांनी तेच कन्नडमधून सांगितलं. हरिभाऊंनी डोळे टिपले. तंबाखूनं की मायेनं, हे कळायला मार्ग नव्हता.

टाळ्या संपल्यावर मारुतीराव तिला खिडकीपाशी घेऊन गेले. मग आवाज खाली आणला.

"पूर्णिमा, येक मागतो. न्हाय म्हणू नकोस."

तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर केली.

"ह्यो नारळ कुठं फोडू? मशीनवर पाणी उडणार न्हाय अशी जागा तेवढी दाव."