शेवटच्या ओळीतली उभी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी, तेलकट कादंबरी आहे. माझ्या शेवटच्या पानावर बोटाच्या टोकाएवढा तेलाचा डाग आहे. त्या डागाची गोष्ट आज तुम्हाला सांगते.

शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई करायचे, त्या काळातला माझा जन्म. तेव्हा प्रत्येक अक्षर कागदात दाबून बसायचं. माझं नाव 'धुकेबारीचा बंगला'. माझ्यात पेठच्या घाटातला एक ओसाड बंगला आहे आणि दारोदार जाऊन उभी राहणारी एक मेलेली बाई आहे. ती का येते, हे माझ्या लेखकाने अगदी शेवटपर्यंत लपवून ठेवलं. मग शेवटच्या ओळीत सांगितलं, 'ती आजही दारात येते आणि बाळ मागते.' बस, एवढंच.

नाशिकरोडच्या एका कॉलनीतल्या छोट्या वाचनालयात मी राहते. भिमाजीकाका तिथले ग्रंथपाल. मला फारसं कुणी नेत नसे. नेत असत त्या एकट्या नवसाबाई.

नवसाबाई कॉलनीतल्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायच्या. पाटावर बसून, पाय लांब करून, बाळाला पायांवर घ्यायच्या. तेल चोळायच्या, टाळू भरायच्या, गरम पाण्याने अंघोळ घालून धुरी द्यायच्या. सकाळी दारात उभ्या राहून त्यांची एकच हाक असे, "आणा गं, बाळ आणा माझ्याकडं!" त्यांचं स्वतःचं बाळ बाराव्या दिवशी गेलं होतं. पाळण्यात घालून नाव ठेवायचं, त्याच दिवशी. त्यामुळे त्याला नावच नव्हतं.

त्या वाचायला शिकल्या प्रौढवर्गात, चाळिशीनंतर. कामं उरकून आल्या की वाचनालयाच्या पायरीवर बसून मला उघडत. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत. शेवटच्या ओळीतल्या 'मागते'वर आल्या की बोट तिथेच थांबायचं. कितीतरी वेळ हलायचं नाही. हात धुतले तरी बोटांना थोडं तेल राहायचंच. अशी किती वर्षं गेली कोण जाणे. कागद मऊ पडला, शाई निघत गेली आणि एक दिवस त्या 'ग'ची उभी रेघ पुसून गेली.

मित्रांनो, 'ग'ची रेघ पुसली तर काय उरतं, ते पाटीवर लिहून बघा.

कॉलनीतला प्रफुल्ल मुंबईला मालिका लिहायचा. त्याने मला नेलं, एका दमात वाचलं आणि शेवटची ओळ त्याला दिसली, 'बाळ मारते'. "काय शेवट आहे काका!" तो भिमाजीकाकांना म्हणाला. "अंगावर काटाच आला!"

मग मी टीव्हीवर आले. रोज साडेआठला. काकांनी मला दर्शनी काचेच्या कपाटात ठेवलं. लोक माझ्याबरोबर फोटो काढू लागले. मलाही, खरं सांगते, फार बरं वाटलं. धुकेबारीची म्हणून त्या मेलेल्या बाईचं नाव 'बारीवाली' पडलं. वाचनालयात दुसरा विषयच नव्हता.

"काल बघितलं का? कसली ती बारीवाली, बाई!"

"आमचे हे तर अंधारात बाथरूमलाही मला सोबत नेतात."

"नाहीतरी एरवी कुठे सोबत नेतात तुम्हाला?"

सगळ्या हसायच्या. मोबाइलवर बारीवालीची चित्रं फिरायची. मालिकेत ती दारात उभी राहून घोगऱ्या आवाजात म्हणायची, "बाळ आणा." पुढच्या भागात त्या घरातला पाळणा रिकामा असायचा.

कॉलनीतल्या पोरांनी हे बरोबर उचललं. नवसाबाई दिसल्या की जिन्यावरून ओरडायची, "पळा! बारीवाली आली!" पहिल्यांदा त्या हसल्या. मग एका घराने काम बंद केलं. मग दुसऱ्याने. कुणी कारण सांगत नव्हतं. "गावाला चाललोय," म्हणायचे आणि गॅलरीत दुपटी वाळत असायची.

नवसाबाईंकडे टीव्ही नव्हता. लोक काय बघतायत हे कळलं, तशा त्या तडक वाचनालयात आल्या. "काका, माझं पुस्तक द्या," म्हणाल्या. "त्या टीव्हीवाल्यानं उलटंच दाखवलंय. माझ्या पुस्तकात तसं नाय." मी त्यांच्या पिशवीत गेले, तेलाच्या बाटलीशेजारी.

तेजस्विनीचं बाळ दोन महिन्यांचं होतं. तेवढं एकच घर उरलं होतं. दार तिच्या नणंदेने, राखीने उघडलं.

"मावशी, उद्यापासून नको. बाळ दचकतं हल्ली."

"बाळ दचकतं का तू दचकतीस?" नवसाबाई म्हणाल्या. "हे बघ, पुस्तक आणलंय. शेवटचं पान काढ. ती बाई कुणाला मारीत नाय. मोठ्यानं वाच."

राखीने पान काढलं. वाचलं. मग जरा चाचरत पुन्हा वाचलं, "ती आजही दारात येते आणि बाळ... मारते." ती हळूच म्हणाली, "मावशी, तुमच्याच पुस्तकात आहे हे."

नवसाबाईंनी मला जवळ घेतलं. बोट ठेवलं. "मा... र... ते." पुन्हा पहिल्यापासून. मी माझ्या सगळ्या पानांनिशी ओरडले, पण पुस्तकाला आवाज नसतो.

"मग मी इतकी वर्षं काय वाचत होते?" त्या म्हणाल्या.

आत तेजस्विनी बाळाला घेऊन उभी होती.

नवसाबाईंनी मला परत केलं. "माझं नाव काढून टाका काका. मला वाचता येत नाय."

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीने स्वतः बाळाला पायांवर घेतलं. ते रडून रडून निळं पडलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी दुपारी ती वाचनालयात आली. हात अजून तेलकट होते. तिने शेवटचं पान उघडलं आणि डागावर बोट ठेवलं. थांबली. पान उलटून मागून बोट फिरवलं. शाई गेली होती, पण छापताना उमटलेला दाब गेला नव्हता. 'र'च्या पुढे एक बारीक उभी रेघ बोटाला लागत होती.

"काका," ती म्हणाली, "मावशींनी बरोबर वाचलं होतं हो."

काकांनी फोन लावला. बंद. त्या भावाकडे गेल्या होत्या, पेठकडे. पण पेठकडे कुठे? इतकी बाळं त्यांच्या पायांवर मोठी झाली, पण त्यांचं गाव कुणी विचारलंच नव्हतं. तेजस्विनी दोनदा पेठच्या एसटीने जाऊन आली. रिकामी आली.

पेठला जाण्याआधी तेजस्विनीने पेन्सिलीने ती रेघ परत काढली होती. आता माझी शेवटची ओळ पुन्हा नीट वाचता येते. मालिका संपली, लोक दुसरी बघू लागले. मी काचेच्या कपाटातून परत मागच्या फळीवर गेले.

मित्रांनो, पुस्तकाला तेलाचे हात लावू नका, असं तुमच्या बाई सांगतात. बरोबरच आहे. पण मला विचाराल तर तो डाग मला हवा आहे. त्यांचं तेवढंच आता माझ्याजवळ आहे. माझं मागणं वेगळं आहे. पेठकडे कुणाच्या अंगणात एखाद्या आजी तान्ह्या बाळाकडे लांबूनच बघत बसलेल्या दिसल्या, तर त्यांना सांगा, रेघ होती. बाळ त्यांच्या पायांवर ठेवा आणि मग सांगा.