गोलातला जावई

ज्याला कापता येतं त्याला या जगात काहीच अवघड नाही, असं मास्तरांचं ठाम मत होतं, आणि त्या मताच्या जोरावर त्यांनी भरदुपारी स्वतःच्या बायकोचं मुंडकं उडवलं. अर्थात मोबाईलवरच्या व्हिडिओत. धड पुढे बराच वेळ टाळ्या वाजवत राहिलं. खऱ्या बाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं, इतकी वर्षं मनात होतं ते अखेर केलंत म्हणायचं, एवढं बोलून त्या भांड्यांकडे परतल्या.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शर्टांच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने रेघ मारायची आणि यंत्र फिरवायचं, यात हयात गेली. निवृत्तीनंतर कापायला नखांखेरीज काही उरलं नव्हतं. आता त्यांना जावई कापायचा होता.

गैरसमज नको. जावई गुणी होता. गुणी असून अकाली वारला, एवढीच त्याच्याबद्दल तक्रार. नातीचा, म्हणजे चिमणीचा, पहिला वाढदिवस याच घरात झाला. मोबाईल कपाटाला टेकवून त्याचा व्हिडिओ काढला, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत जावई गेला. तेव्हापासून लेकीने तो व्हिडिओ उघडला नव्हता. चिमणी आता बोलायला लागली होती. माझा वाढदिवस दाखव म्हणून ती भुणभुण लावायची आणि लेक दरवेळी फोन बिघडलाय म्हणायची. तेव्हा मास्तरांनी ठरवलं की जावई तेवढा अलगद काढायचा आणि बाकीचा वाढदिवस लेकीच्या हाती द्यायचा. मायलेकी संध्याकाळी येणार होत्या.

व्हिडिओ कापायच्या ॲपमध्ये ‘मास्क’ नावाची सोय होती. चित्रावर आकार ठेवायचा आणि तेवढा भाग वेगळा करायचा. बोट घसरून आधी बदाम पडला, आणि जावई नाटकातल्या नायकासारखा बदामातून बघू लागला. मास्तरांनी घाईघाईने गोल घेतला. जावई हलेल तसा तो सरकवत नेला, कडा मऊ केल्या. काम सुबक झालं. फक्त जावई होता तिथेच होता.

ही चूक मास्तरांनीच करावी. एकाच कापडाचे थर अंथरायची सवय, त्यामुळे त्यांनी एकाच व्हिडिओचे दोन थर एकमेकांवर घातले होते. वर काहीही करा, खाली तोच माणूस. खालचा थर जरा सरकवून पाहिला, तर जावई दोन झाले. एक फुगा घेऊन निघाला, दुसरा त्याच्याच अंगातून आरपार आला आणि गोलाच्या कडेशी येऊन थांबला. मास्तरांच्या मानेवरचे केस उभे राहिले. तेवढेच उरले होते. हाकललं की दुप्पट होऊन येणं हा काही जावयाचा स्वभाव नव्हता. जिवंतपणी तो दोनदा म्हटल्याशिवाय खुर्चीत टेकायचा नाही.

मास्तरांनी डोळे मिटून खालचा थर पुसून टाकला. उघडले, तर घरच गेलं होतं. केक, चिमणी, बायको, सगळा काळोख. काळोखात एक गोल, आणि गोलात जावई.

रेघेच्या आतलं ठेवायचं, बाहेरच्या चिंध्या, हा कारखान्याचा पहिला नियम. ॲपही त्याच मताचं निघालं.

आवाज मात्र कापले गेले नव्हते. काळोखातून बायकोचं हसू आलं. मग मास्तरांचाच आवाज आला, या घरात मेली कुणाची मदत म्हणून नाही. त्यांना आठवलं, स्टुलावर चढून ते फुग्यांची माळ बांधत होते आणि अख्ख्या घराला फैलावर घेत होते. गोलात जावई ओणवा उभा होता. दोन्ही हातांनी त्याने काळोख घट्ट धरला होता. तिथे स्टूल असणार, हे मास्तरांच्या ध्यानात यायला वेळ लागला. व्हिडिओ त्यांनी कितीतरी वेळा पाहिला होता, पण त्यात स्वतःखेरीज कुणाकडे पाहायचं राहून गेलं होतं.

जावयाने मान वर केली. गोलाबाहेर, जिथे मास्तर असणार तिथे बघून तो म्हणाला, “सावकाश, अप्पा. मी धरलंय.”

“काय बघताय?”

मागे लेक उभी होती, चिमणीचं बोट धरून. मास्तरांनी फोन उशीखाली दडपला. उशीखालून जावई म्हणाला, आता उतरा, मी बांधतो.

मास्तर चोरासारखे बोलत सुटले. हे तुझ्याचसाठी चाललं होतं, जरा उलटं झालंय, आतलं बाहेर करायचं एक बटण असतं, तो निघेल, डागसुद्धा दिसणार नाही. लेकीने काही ऐकलं नाही. उशी बाजूला करून तिने फोन घेतला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. व्हिडिओ पहिल्यापासून लावला. संपला, पुन्हा लावला. चिमणी तिच्या मांडीत शिरली.

“माझा वाढदिवस?”

“हो.”

“अंधार का आहे?”

“आजोबांनी दिवे घालवले. तू बाबांकडे बघ.”

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. मास्तर आरोपीसारखे समोर उभे होते. लेक आता रडते की आपल्याला घराबाहेर काढते, याचा अंदाज ते तिच्या चेहऱ्यावरून घेत होते, पण चेहरा खाली होता आणि काहीच कळत नव्हतं. गोलातला माणूस पुन्हा ओणवा झाला, पुन्हा मान वर केली. लेकीने नजर न हलवता एक हात पुढे केला.

“अप्पा, चार्जर देता का जरा?”