दसऱ्याची खोटी रेघ

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. फणसाच्या लाकडाची. दत्तारामने मला गावाहून टेम्पोत घालून विक्रोळीच्या चाळीत आणलं, रंधा मारून दाराला बसवलं. "शंभर वर्षं हलायची नाही," शेजारी म्हणाले. मी फुगले होते तेव्हा.

दर दसऱ्याला तोरण बांधून झालं की दत्ताराम नातीला, अक्षताला, मला टेकवून उभी करायचा आणि डोक्याशी पेन्सिलीची रेघ मारायचा. ती नऊ वर्षांची झाली त्या दसऱ्याला रेघ जुन्याच जागी येत होती. पोरीचं तोंड पडेल म्हणून म्हाताऱ्याने पेन्सिल बोटभर वर सरकवली. "वाढलंस गो बाय!" पोर हसली. पुढचे दोन दसरे तेच. मला कळत होतं, पण लाकडाला तोंड नसतं.

शेवटी तिची आई नलिनी वैतागली. "बाबा, युनिफॉर्म तीन वर्षं तोच बसतोय!" ती पोरीला डॉक्टरकडे नेऊन आली आणि उंबऱ्यातच सांगू लागली, "वाढीचं हार्मोन दिवसभर वाहत नाही म्हणे. झटक्याझटक्याने सुटतं, जास्त करून गाढ झोपेत. आपल्या नळासारखं. दुपारी नळ कोरडा दिसला म्हणून पाणीच येत नाही असं म्हणायचं का? तसंच एकदा रक्त काढून कळत नाही. आधी डॉक्टरांनी विचारलंय, दरवर्षी किती वाढली?"

दत्तारामने माझ्याकडे बघितलं. खोटं तिथेच थांबवता आलं असतं. "दरवर्षी बोटभर वाढतेय की," तो म्हणाला. अडाणी माया! डॉक्टर म्हणाले, मग वर्षभर बघू.

ते वर्ष गेलं. यंदा डॉक्टरांना सांगायचं म्हणून पेन्सिल नलिनीने घेतली. रेघ गेल्या दसऱ्याच्या रेघेखाली आली.

"बाबा, पोरीची उंची कमी कशी होईल?"

दत्ताराम एकेका रेघेवर बोट ठेवत गेला. सगळं बोलला.

काल डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. हाडांची वाढणारी टोकं मिटायला लागलीत; पुरती मिटली की उंची थांबते. आणखी तपासण्या करायच्या, मग रोज त्या हार्मोनचं इंजेक्शन. वेळ थोडा आहे. उतारवयात सगळ्यांचेच हार्मोनचे झटके बारीक होतात, हेही सांगितलं.

"माझा नळ वयाने आटला," दत्ताराम म्हणाला. "हिचा मी बघूच दिला नाही."

मित्रांनो, मला तेल लावू नका, रंग देऊ नका, चालेल. माझ्यावर खोटी रेघ तेवढी मारू नका. पोराला वाईट वाटलं तर वाटू दे. वाईट वाटून कुणाची हाडं मिटत नाहीत.

आत्ता अक्षता पुन्हा मला टेकून उभी आहे. हळूच टाचा उचलतेय.

"टाचा टेक गो बाय," म्हातारा रडत म्हणतोय. "टेक."