तीन किलो सहाशे

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याचा नव्हे, तान्ह्या बाळांचा. वर कडी, खाली हूक, मध्ये गोल तबकडी आणि तिच्यावर दहा किलोपर्यंतचे आकडे. हुकाला कापडी झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचं आणि काटा थांबेपर्यंत घरच्यांनी माझ्याकडे बघत उभं राहायचं.

कारखान्यातून निघण्यापूर्वी माझी स्प्रिंग तीनदा तपासली होती. तिथून मी कळंब्याजवळच्या वस्तीत, घरोघरी आयाबाळांची तपासणी करत फिरणाऱ्या आशाताई संयोगिताच्या पिशवीत आलो. बारा वर्षं तिच्या खांद्यावरून हिंडलो. तेल चोळलेली, झोळीतच शू केलेली कितीतरी पोरं मी तोलली. आकडा चांगला आला की बायका माझ्या कडेला हळदीकुंकू लावत. मी खरं सांगतो म्हणून हा मान, असं मला वाटे.

गेल्या वर्षी आम्ही पूर्णिमाच्या घरी जाऊ लागलो. गोठ्यात सात म्हशी. नवरा विश्वजित दूध घेऊन पहाटेच शहरात जाई. घरात शब्द चाले तो सासूचा. सगळे त्यांना आक्का म्हणत. पूर्णिमा नेसरीची. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच व्हायचं होतं. योगायोगाने संयोगिताही नेसरीचीच. सासरी आपल्या गावची बाई भेटली की ती माहेरचंच माणूस. पूर्णिमाने तिला तसंच धरलं.

आठव्या महिन्यात तिने सांगितलं, झोप लागत नाही, उगाच रडू येतं. पहिलटकरणीला होतंच असं, म्हणून संयोगिताने तपासणीच्या वहीतला पुढचा रकाना भरला.

मुलगा झाला. अठ्ठाविसाव्या दिवशी मी तुळईला टांगलेला होतो. आक्का चहा करायला गेल्या, तेवढ्यात पूर्णिमा हळूच म्हणाली, "ताई, ह्यो रडाय लागला की मला कुठंतरी निघून जावं वाटतंय. ह्याच्याकडं बघून मला कायबी वाटत न्हाय. मी आई हाय का कोण? कुणाला सांगू नका."

"माझ्याजवळच राहील," संयोगिता म्हणाली.

दहा मिनिटं राहिलं. चहाचा कप हातात आला आणि तिने सारं आक्कांना सांगून टाकलं. वाईट हेतू नव्हता. घरातल्या मोठ्या माणसाला कळलं की सांभाळून घेतील, हा तिचा हिशेब. आक्कांनी एकच विचारलं, "पोराचं वजन किती भरलं?"

"तीन किलो सहाशे."

"मग झालं की. पोर बाळसं धराय लागलंय आणि आईला काय धाड भरलीया? थेरं हैत सगळी."

आकडा अचूक होता. पण त्या क्षणी तो पूर्णिमाच्या विरोधात वापरला गेला.

त्या दिवसापासून बाळ आक्कांच्या खोलीत गेलं. फक्त पाजायला आईकडे येई. भेटायला येणाऱ्या बायकांना आक्का दारातच सांगत, हिला पोर नकोसं झालंय. बेचाळिसाव्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा बाळ चार किलो दोनशे भरलं. संयोगिताने पूर्णिमाला कशी आहेस विचारलं.

"बरी हाय."

आक्का बाळ घेऊन आत गेल्या. पूर्णिमाने माझा रिकामा हूक मुठीत धरला आणि सगळ्या ताकदीने खाली ओढला. काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन आदळला. "माझंबी लिवा की," ती म्हणाली.

संयोगिता हसली. "तुझं ह्यात कुठं बसतंय?" तिने मला सोडवून पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षावाला गैबी संयोगिताकडे धावत आला. एक बाळंतीण सकाळपासून तलावाच्या बांधावर एकटी बसली आहे, नाव विचारलं तर पाण्याकडेच बघते आहे, असं त्याने सांगितलं. संयोगिता मला खांद्यावर घेऊनच पळाली. ती पूर्णिमाच होती, आणि सुखरूप होती. त्याच रिक्षातून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, अनेक आयांना होतो आणि उपचारांनी बरा होतो. कधीपासून वाटतंय, असं त्यांनी विचारलं.

"आठव्या महिन्यापास्नं," पूर्णिमा म्हणाली. "मी सांगितलं हुतं."



गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरीणबाईंशी बोलणं सुरू झालं, विश्वजित दर आठवड्याला सोबत जाऊ लागला. बाळ आईच्या कुशीत परत आलं. संयोगिताला मात्र त्या घराचं दार पुन्हा उघडलं नाही. त्या घराचं काम नव्या आशाताईकडे, मेहककडे गेलं. मेहककडे बॅटरीचा काटा आहे. सेल संपले तर असावा, म्हणून संयोगिताने मला तिच्याकडे दिलं, आणि आता मी तिच्या पिशवीच्या तळाशी पडून असतो.

सहा महिन्यांच्या तपासणीला सेल संपलेच. मेहकने मला बाहेर काढलं. पूर्णिमाने मला ओळखलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "त्यो नको. उद्या या, चालंल."

मेहकने मला परत ठेवलं. बाळाचं वजन त्या दिवशी झालं नाही. मेहकने दार लोटून घेतलं, खाली बसली आणि विचारलं, "वैनी, तुमचं सांगा." पूर्णिमा बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते मी सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ आलं, तर त्याला बघायला जरूर धावा. पण आधी त्याच्या आईजवळ बसा. तिने मन मोकळं केलं, तर ते गावभर करू नका. दडपूनही ठेवू नका. तिला विचारून, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे चला. आणि बाळाच्या वजनावरून आईची तब्येत ठरवू नका. मला तेवढं कळत नाही.