भरल्या टाकीची फेरी

घर विकून ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहायला जायचं, असं वर्लिनने परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याच्या बायकोने, लॉर्नाने, एकच अट घातली: विकत घेण्याआधी तो ओढून बघायचा. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, ट्रेलर विकणाऱ्या एका दुकानात क्रेग नावाच्या विक्रेत्याने रिकामा ट्रेलर वर्लिनच्या पिकअपला जोडला आणि सपाट रस्त्याने एक फेरी मारून यायला सांगितलं.

"ट्रेलरची पाण्याची टाकी भर," लॉर्ना क्रेगला म्हणाली.

"मॅडम, चाचणीला कुणी टाकी भरत नाही."

"मग राहायला गेल्यावर काय कोरडीच आंघोळ करायची?"

टाकी भरली. लॉर्नाने गाडी घाटाकडे घ्यायला लावली. पहिल्याच चढावर पाण्याच्या वजनाने पिकअपला धाप लागली आणि उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला. आठवडाभर पिकअपच्या ताकदीचं कौतुक ऐकवणारा वर्लिन आता स्टिअरिंग घट्ट धरून घामाघूम झाला होता.

"वारा आहे," तो म्हणाला.

पेट्रोल पंपावरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. लॉर्नाने नुसतं तिकडे बोट दाखवलं.

दुकानात क्रेग वाटच बघत होता. "कसा वाटला?"

"मस्त," वर्लिन म्हणाला.

"घर मी विकणार नाही," लॉर्ना म्हणाली. "याला फारच आवडला असेल तर आमच्या अंगणात उभा करून दे. राहील हा एकटा त्यात."